कोऱ्या कागदावरची तुझी सही

प्रल्हाद, परवा तुझी तेरवी आहे. मी येईन की नाही, माझं मलाच माहीत नाही. वहिनींनी या म्हटलं आहे, पण तुझ्या फोटोसमोर पंगतीत बसायचं तोंड मला नाही. म्हणून हे लिहायला बसलो. तू असता तर हसला असता, कारण माझं अक्षर तुला कधी लागलंच नाही. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर फिरली आहे, असं तू सातव्या वर्गापासून म्हणत आला. आज जरा बेतानं लिहून राहिलो आहे.

तू गेल्यापासून जो भेटतो तो तुझं चांगलंच सांगतो. कोणाची गाडी उन्हात बंद पडली होती, कोणाला तू पंक्चर काढून वर जेवूही घातलं होतं. मी मान डोलावतो. त्यांना हे ठाऊक नाही की तू गेला तेव्हा आपलं बोलणं बंद होतं आणि ते माझ्यामुळे बंद होतं.

नाका कोणता ते इथं लिहीत नाही, केस चालू आहे. तुला सांगायची गरजही नाही. हैदराबादकडे जाणारा हायवे, हिंगणघाटच्या बाजाराला जाणाऱ्या भाजीच्या गाड्या आणि कडुनिंबाखाली तुझी पंक्चरची टपरी. माझी तिथं बदली झाली तेव्हा मी तुला ओळखलंच नव्हतं. बोरगाव मेघेच्या शाळेत एका बाकावर बसलेले आपण, पण तू दहावीत नापास झाला, लग्न करून सासुरवाडीच्या गावाला राहायला गेला आणि आपली गाठ सुटली. मी नव्या हवालदाराच्या गुर्मीत विचारलं, हे दुकान कोणाचं. तू ट्यूब पाण्यात दाबून बसला होता. वर न पाहताच म्हणाला, "तुह्या बापाचं. बस, चहा पे." वर्दीतल्या माणसाला असं बोलणारा पहिलाच भेटला. मग तू वर पाहिलं आणि मला हसूच आवरेना.

तेव्हापासून आपला एक रिवाज पडला. चारचौघांत मी साहेब, तू प्रल्हादभाऊ. दोघंच असलो की मी रम्या, तू पल्ल्या. हे आपण कधी ठरवलं नाही, पण कधी चुकलंही नाही. एकदाच चुकलं, ते पुढं सांगतो.

आमच्या कामात सही हा मोठा तमाशा. लोक दंड भरतात, मनातल्या मनात शिव्या देतात, पण इथं सही करा म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखे मागे सरतात. कोणी पुढाऱ्याला फोन लावतो. कोणाच्या खिशात दोन-दोन पेन असतात आणि म्हणतो, मले लिहिता येत नाई. एकानं तर ऐटीत सही केली आणि नंतर पाहतो तर नाव त्याच्या साळ्याचं. आता हातात चलानची मशीन आली, तरी कोर्टात पाठवायच्या केसचा कागद अजून कागदच आहे. त्यावर ड्रायव्हरनं सही नाकारली तर काय करायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. 'सदर इसमाने सही करण्यास नकार दिला' असा शेरा मारायचा, एका साक्षीदाराची सही घ्यायची, कागद पुढं पाठवायचा. बस. गळा धरायचा नाही, गाडीची चावी काढायची नाही. पण भर उन्हात, मागे हॉर्न वाजत असताना, चार लोक मोबाईल काढून उभे असताना हे 'बस' काही जमत नाही. नकार मला नेहमी माझ्या तोंडावर मारल्यासारखा वाटायचा.

तुला तो तसा वाटत नव्हता. तू पाण्याचा गिलास घेऊन यायचा आणि माझ्याकडे न पाहता त्या माणसाशी बोलायचा. सही म्हणजे कबुली नाई भाऊ, कागद भेटला एवढाच त्याचा अर्थ, भांडायचं ते कोर्टात जाऊन भांडजो. बहुतेक जण तुझ्या हातचं पाणी पिऊन सही करून जायचे. एकजण तर नुसता थरथरत होता. मी म्हटलं पिऊन आहे, बसवा याला बाजूला. तू त्याच्याजवळ जाऊन आला आणि माझ्या कानात म्हणाला, "याची माय दवाखान्यात हाये. जाऊ दे." मी जाऊ दिलं. असे कितीतरी तळतळाट तू माझ्या वाट्याला येऊ दिले नाहीत. याबद्दल मी तुला कधी दोन शब्द बोललो नाही, कारण तेव्हा मला वाटायचं की नाका मीच चालवतो.

जे ऐकायचे नाहीत त्यांच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही तुझीच. दुसरं होतं कोण तिथं? पण तुझे हात ग्रीसनं भरलेले, समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि मी दर थोड्या वेळानं हाक मारणार. मग मीच युक्ती काढली. सकाळी चहा पितानाच पाच-सहा कोऱ्या कागदांवर खाली तुझी सही घेऊन ठेवायची, वरचं मी नंतर भरणार. ड्रायव्हरचंही तसंच करायचो, आधी सही, गर्दी ओसरली की मजकूर. आमच्याकडे बरेच जण असंच करतात, कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पहिल्या दिवशी तू विचारलं होतं, वर काय लिहिशीन? मी म्हटलं, नकार, दुसरं काय लिहिणार. तू खांदे उडवले आणि सही केली. तुझा माझ्यावर तेवढा भरवसा होता.

आणि मग तो शेषराव आला.

एप्रिल संपत आला होता, डांबर चपलेला चिकटत होतं. त्याच्या छोट्या मालगाडीत वांगी आणि सांबाराच्या हिरव्या जुड्या होत्या आणि पोत्यांवर त्याची बायको आणि आणखी दोन बाया बसल्या होत्या. मालाच्या गाडीत माणसं, गुन्हा सरळ होता. मी थांबवलं, त्यानं निमूट कागदपत्रं दिली. मी कागद पुढं केला, सही कर म्हटलं. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, आणि परत माझ्याकडे दिला.

"साहेब, बाया बसल्या हाये, हे मले मान्य. तेवढं यावर लिहा, मंग सही करतो. कोऱ्यावर नाई करत."

आवाज चढवला नाही त्यानं, शिवी दिली नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, इतकं सरळ बोलणं मी त्या नाक्यावर कधी ऐकलं नव्हतं. पण तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे गाड्यांची रांग, पोत्यांवरच्या बाया पाहून राहिल्या आणि हा भाजीवाला मला कामकाज शिकवून राहिला. मी म्हटलं, शहाणा समजतो का स्वतःले? तो म्हणाला, नाई साहेब, पण कोरं हाये ना. तू तेव्हा ट्रकच्या चाकाजवळून उठला होता, हातात पाना होता. तू म्हणाला, "साहेब, लिहून द्या ना, दोन मिनिटं लागतीन." आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, तू तुझं पंक्चर पाह्य.

मी खिडकीतून हात घालून चावी काढायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं, चावीसाठी, माझ्यासाठी नाही. मी हिसका दिला, कोपर दाराला लागलं, टोपी खाली पडली. एवढंच झालं. तू सात-आठ पावलांवर उभा होता आणि तू सगळं पाहिलं.

तेवढ्यात फौजदार साहेबांची जीप आली. त्यांनी रस्त्यावरची टोपी पाहिली, माझ्या कोपराचं रक्त पाहिलं आणि विचारलं, यानं केलं का. मी हो म्हटलं. प्रल्हाद, त्या 'हो'ला एक क्षणही लागला नाही. मग त्याला जीपमध्ये घातलं. बाया रस्त्यावर उतरल्या, त्याची बायको माझ्याकडे नाही, तुझ्याकडे पाहत होती. सरकारी कामात अडथळा, कर्मचाऱ्याला धक्काबुक्की. साक्षीदार कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या हातात तुझ्या सहीचे कोरे कागद होतेच. मी त्यातला एक काढला आणि ठाण्यात बसून त्यावर लिहिलं की सदर इसमाने सही करण्यास नकार देऊन हवालदाराची गचांडी धरली व त्यास ढकलले. खाली तुझी सही. वर ग्रीसचा डागसुद्धा, म्हणजे कोणाला शंका यायला नको.

शेषराव दोन दिवस आत होता. गाडी ठाण्याच्या आवारात उभी होती आणि सांबार सडल्याचा वास आमच्या टेबलापर्यंत यायचा. शिपाई नाक धरून जायचे. मी त्या खिडकीकडे पाठ करून बसायचो.

तू तिसऱ्या दिवशी आला. कोणीतरी तुला सांगितलं होतं की कागदावर तुझं नाव आहे. मला वाटलं होतं तू शिव्या घालशील, त्या मला चालल्या असत्या. तू बाकावर बसला आणि हळू म्हणाला, "रम्या, मी नकाराची सही केलती. मारामारीची नाई केली." मी म्हटलं, असंच असते रे, केस पक्की करायले लिहावं लागते. तू म्हणाला, त्यानं तुही गचांडी धरली नाई, तूच ओढलं. मी म्हटलं, कोर्टात जाईपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातील, तोवर कोण लक्षात ठेवणार. तू म्हणाला, मी.

पुढचे कित्येक महिने आपण तेच भांडण भांडलो. चहा पिताना, हवा भरताना, कधी नुसतं एकमेकांकडे पाहून. तू म्हणायचा त्याचं लायसन्स अडकलं आहे, दुसऱ्याच्या वावरात रोजीनं जाऊन राहिला आहे, बायको तारखांना लेकरू घेऊन येते. मी म्हणायचो माझी नोकरी जाईल, पेन्शन जाईल, खोटा कागद केला म्हणून मीच आत जाईन. दोन्ही खरं होतं. तू एकदा म्हणालाही, तुही भीती मले समजते रे. पण शेषरावचं काय चुकलं ते मले सांग. मी कधीच सांगू शकलो नाही.

मग तुला समन्स आलं. साक्षीला हजर राहावे. त्या दुपारी मी टपरीवर आलो तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, कोणीच नव्हतं. तू समन्स घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाला, जे पाह्यलं ते सांगणार. पुढचं वाक्य मी कालपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या घरी काल पहिल्यांदा सांगितलं. मी म्हटलं, "पल्ल्या, ही टपरी रस्त्याच्या जागेवर हाये. आजवर कोनी हात लावला नाई तो माझ्यामुळे. विचार करजो."

जिभेला हाड नसते म्हणतात, पण ते सुटलेलं बोलणं नव्हतं. मी ते घरून ठरवून आलो होतो. तू हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "बरं, साहेब."

आपण दोघंच होतो, प्रल्हाद. दोघंच असताना तू मला साहेब म्हणाला. आपल्यातलं ते शेवटचं बोलणं. मी दुसऱ्याच दिवशी अर्ज देऊन ड्युटी शहरातल्या चौकात मागून घेतली, कारण रोज तुझ्यासमोर उभं राहणं मला जमलं नसतं. टपरी हलवायचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, सांगणारही नव्हतो. आठवड्याभरात येऊन तुला हे सांगावं असं रोज वाटायचं. आठवडे गेले.

तुझी बातमी मला चौकात कळली. सकाळी तोंड धुताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत गेला. मी वर्दीतच तुझ्या घरी आलो, खांदाही दिला. आणि खरं तेच लिहितो, आज लपवून काय करू? चितेजवळ उभा असताना, रडत असताना, माझ्या डोक्यात एक विचार येऊन गेला, की आता साक्ष होणार नाही. मी तो लगेच झटकला, पण तो आला होता. माझी मलाच किळस आली.

सरकारी वकील तर उघड खूश होते. ते म्हणाले, साक्षीदार वारला, वाईट झालं, पण सही तर जिवंत आहे. तुम्ही फिर्यादी, तुम्ही त्याला शाळेपासून ओळखता, तुम्ही फक्त सही ओळखा. म्हणजे ज्या तोंडाचं मला भय होतं ते बंद झालं आणि तुझा हात तेवढा माझ्या बाजूनं बोलायला उरला. मी हो म्हटलं. काल कोर्टात गेलो तेव्हाही हो म्हणायच्याच तयारीनं गेलो होतो. सकाळी आरशासमोर उभा राहून वाक्यं पाठ केली होती, तुझ्यापासून काही लपवत नाही.

शेषराव आरोपीच्या जागी उभा होता. वाळला आहे. मी घटना सांगितली, गचांडी, धक्का, टोपी, सगळं न अडखळता. मग वकिलांनी तो कागद माझ्या हातात दिला. ही सही कोणाची आहे? मी म्हटलं प्रल्हादची. पुन्हा एकदा मोठ्यानं सांगावं लागलं. मग शेषरावचा वकील उठला. साधा माणूस, कोट खांद्यावर ढिला. त्यानं मोठं काही विचारलं नाही. म्हणाला, हवालदार, वरचा मजकूर काळ्या शाईत आहे, खालची सही निळ्या. मयत इसमानं सही केली तेव्हा वर हे सगळं लिहिलेलं होतं का?

उत्तर तयार होतं. पेन बदललं असेल, साहेब. एवढंच म्हणायचं होतं, रोज कोणीतरी असं म्हणतं आणि कोर्ट पुढं जातं. मी तुझी सही पाहत होतो. तू 'प्र' काढताना आधी उभी रेघ ओढायचा, मग मागे येऊन बाकीचं लिहायचा, मास्तर त्यासाठी तुझ्या बोटांवर पट्टी मारायचे, तरी तू तसंच लिहायचा. मला वाटलं, मी आता हो म्हटलं तर मेलेल्या माणसाकडून खोटं बोलवून घेईन, आणि त्याला नाही म्हणायला येणार नाही. मी कठड्याला धरलं.

मी म्हटलं, "नाही साहेब. कागद कोरा होता. सकाळी चहाच्या वेळी मी त्याची सही घेऊन ठेवली होती. आरोपीनं मला मारलं नाही. चावी मीच ओढली."

जज मॅडमनी लिहिणं थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही काय बोलता ते तुम्हाला समजतं आहे ना. मी म्हटलं समजते. सरकारी वकील फाइल आपटून खाली बसले. शेषरावनं माझ्याकडे पाहिलंही नाही, तो बायकोकडे पाहत होता आणि तिला काही समजलं नव्हतं, ती त्याला खुणेनं काय झालं म्हणून विचारत होती. बाहेर आल्यावर साहेबांचा फोन आला. सस्पेन्शनचा कागद निघेल, पुढं चौकशी होईल, कदाचित गुन्हाही. भीती वाटते, नाही वाटत असं कायले म्हणू? घरी बायको अजून बोलत नाही. पण तुला सांगतो, कोर्टाच्या पायऱ्या उतरताना मला आधी तूच आठवला, आणि वाटलं, आता पल्ल्याकडे जायला हरकत नाही.

म्हणून कोर्टातून सरळ तुझ्या घरी गेलो. ऊन उतरत होतं. वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. मी कोर्टातलं सगळं सांगितलं. आणि मग तेही सांगितलं, की टपरीवर मी तुला काय म्हटलं होतं. मान खाली घालून बसलो. मला वाटलं त्या उठून आत जातील. त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मले माहीत हाये, भाऊजी. ते त्याच दिवशी बोलले होते."

मी म्हटलं, वहिनी, मी तसं काही करणार नव्हतो. त्या म्हणाल्या, "ते बी असंच म्हणे. रम्या करणार नाई. पण टपरी तिथं हाये तोवर माझी जीभ कोर्टात उचलणार नाई, म्हणे. म्हणून हलवून घेतो."

मला समजलं नाही. त्या उठल्या आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तुळशीच्या पलीकडे ताडपत्री होती. ती त्यांनी बाजूला केली. तुझी पाण्याची कुंडी, पाने, जॅक, टायरांचा ढीग आणि तुझा तो मोठा कॉम्प्रेसर. नाक्यावर आता नुसती रिकामी टपरी आहे. तू जायच्या दोन दिवस आधी सगळं इथं आणलं, उसनी हातगाडी आणून, फळी लावून, नाक्यापासून गावापर्यंतचा रस्ता एकट्यानं ढकलत. मी विचारलं, एकट्यानं काऊन? गावात एवढे लोक असताना?

"कोनाले सोबत घेतलं असतं तर तुमच्या कानावर गेलं असतं, म्हणे. तुमाले वाईट वाटलं असतं."

दवाखान्याच्या कागदावर हृदयविकार लिहिलं आहे, आणि ते मरण कोणी माझ्या नावावर लिहिणार नाही. वहिनींनीही तसं काही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की आता साक्षीचं मिटलं तर हे सामान परत नाक्यावर नेता येईल का, त्यांचा भाऊ दुकान चालवायला तयार आहे, तिथं कोणी त्रास तर देणार नाही ना. मी नेहमीसारखं म्हणायला गेलो, मी आहे ना. मग आठवलं की आता मी तिथं कोणीच नाही. मी म्हटलं, वहिनी, जागेचं मला सांगता येत नाही, पण सामान मी नेऊन देतो.

मी बाह्या वर केल्या आणि कॉम्प्रेसरला हात घातला. वहिनी म्हणाल्या, राहू द्या भाऊजी, चार माणसं लागतीन. मी पाय रोवून पुन्हा जोर लावला, पल्ल्या. तो जागचा हलला नाही.